भर उन्हात उणे एकतीस

‘सिरीयल’ म्हटले की आपल्याकडे संध्याकाळची मालिका डोळ्यांपुढे येते. आजीला मराठी वाहिनी हवी, सुनेला कन्नड, आणि टीव्ही एकच. आज लिहायचे आहे ते तुमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या सिरीयलबद्दल. तिच्यात सासू नाही, सून नाही. नुसते आकडे ओळीने खाली सरकत असतात. पण रडवायचे काम तीही चांगले करते.

बोटाच्या पेराएवढ्या चिपमध्ये मावलेला अख्खा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर. वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, विजेचा नवा मीटर, डेअरीवरचे दूध तपासायचे यंत्र, या सगळ्यांच्या पोटात तो असतो. शिकणाऱ्यांसाठी त्याचा एक सोपा बोर्ड इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली तयार झाला. त्याचे नाव आर्डुइनो. हे नाव गावातल्या एका बारवरून पडले आणि त्या बारचे नाव हजार वर्षांपूर्वीच्या एका राजावरून. नाव काहीही असो, २०१६ पासून शाळाशाळांत अटल टिंकरिंग लॅब निघू लागल्या, डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्ट आले, आणि हा निळा बोर्ड बीदर-कलबुर्गीकडच्या घरांतही येऊन पोचला.

या बोर्डाला पडदा नसतो. आत काय चालले आहे ते तो यूएसबीच्या तारेतून संगणकाला एकेक अक्षर करून कळवतो. एकामागून एक, म्हणून सिरीयल. संगणकावरच्या एका खिडकीत ती अक्षरे उमटतात आणि मूल त्या खिडकीकडे पाहून ठरवते की आपले यंत्र चालते आहे की बिघडले आहे. पुष्कळदा यंत्र ठणठणीत असते. चुकीचा असतो तो खिडकीतला आकडा.

नौबादच्या एका घरातला मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रोजेक्ट साधाच होता. एलएम ३५ नावाचा तीन पायांचा सेन्सर घ्यायचा, खोलीतले तापमान मोजायचे आणि दर सेकंदाला छापायचे. पावसाळ्यात त्याने सगळे जुळवले आणि ते उत्तम चालले. मग डबा बंद करून ठेवून दिला. एप्रिलमध्ये व्हायव्हा जवळ आली तेव्हा डबा पुन्हा उघडला. सकाळी २९ आले, ३० आले, ३१ आले. ऊन चढले आणि आकडा एकदम उणे ३१ झाला. दुपारी घराबाहेर कट्ट्यावर ठेवला तर उणे २२. म्हणजे जसजसे ऊन तापत होते तसतसा आकडाही वर सरकत होता, पण शून्याच्या खालूनच.

पोराने आधी सेन्सर बदलला. मग केबल बदलली. मग दुसऱ्या दुकानातून तिसरा सेन्सर आणला. वडील ऑटो चालवतात. ते म्हणाले, “सोड की रे ते. हैदराबादला जाऊन तयार प्रोजेक्टच आणू.” बाप प्रेमापोटी बोलला, त्याला दोष नाही. पण तयार प्रोजेक्ट आला की पोराची पदवी राहते आणि विद्या जाते, हे मी वीस वर्षे पाहत आलो आहे. आपल्या पोराच्या मनात एकदा बसले की ‘हे आपल्याला जमण्यातले नाही, ते बेंगळुरू-पुण्याच्या पोरांचे काम’, की ते काढता येत नाही. पोरगा माझ्याकडे आला तो शेवटचा उपाय म्हणून. “सर, तुम्ही गणिताचे. हे आकडे बघा की जरा.”

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नव्हे, गणितात एम.ए. केलेला. पण आकडे चुकत असतील तर ते कुठल्या पायरीवर चुकतात हे शोधायला एवढे पुरते. त्याला म्हटले, हिशेब करून आलेले उत्तर राहू दे बाजूला, सेन्सरकडून आलेला कच्चा आकडा आधी छाप. त्याने तशी एक ओळ घातली. उणे ३१ च्या शेजारी कच्चा आकडा आला ६६. हा बोर्ड शून्य ते पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि एलएम ३५ दर अंशाला दहा मिलीव्होल्ट देतो. ६६ ला ५०० ने गुणून १०२४ ने भागले की ३२ च्या वर येते. म्हणजे सेन्सर खरे सांगत होता. मग मधली पायरी छापायला सांगितली, नुसता गुणाकार. ६६ गुणिले ५००, किती? तेहेतीस हजार. खिडकीत उमटले उणे ३२,५३६.

तिथे चोर सापडला. आर्डुइनो यूनो या बोर्डात साधी पूर्ण संख्या, ज्याला प्रोग्राममध्ये ‘इंट’ म्हणतात, ती सोळा बिटांत लिहिली जाते. सोळा बिटांत एकूण ६५,५३६ संख्या बसतात. त्यांतल्या निम्म्या शून्याखालच्या, म्हणून वरची हद्द ३२,७६७. त्यात एक मिळवला की ३२,७६८ येत नाही, उणे ३२,७६८ येते. पोराचे वडील दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना पोराच्या आधी कळले. “म्हणजे आमच्या जुन्या ऑटोच्या मीटरसारखं. सगळे नऊ झाले की परत सगळे शून्य.” अगदी तेच. फरक एवढाच की हा मीटर फिरून शून्यावर न येता सगळ्यात खालच्या आकड्यावर जाऊन बसतो.

पावसाळ्यात हे दिसले नाही याचेही कारण यातच आहे. कच्चा आकडा ६५ असेल तर गुणाकार ३२,५००, हद्दीच्या आत. ६६ झाला की हद्दीबाहेर. सीमा नेमकी ३२ अंशांच्या आसपास पडते. पावसाळ्यात त्या घरातले तापमान ती सीमा ओलांडतच नव्हते. आणि एकदा ओलांडली की खोट ठरलेली, बरोबर ६४ अंशांची, कारण ६५,५३६ ला १०२४ ने भागले की ६४ येतात. उणे २२ दिसत होते तेव्हा कट्ट्यावर ४१ होते. उणे २२ मध्ये ६४ मिळवले तर ४२ येतात हे खरे, पण यंत्र दशांश तोडून टाकते. आतला आकडा उणे २२.९८ होता.

उपाय एका अक्षराचा. ५०० च्या पुढे इंग्रजी एल हे अक्षर लिहायचे, की यंत्र तो गुणाकार ‘लाँग’ म्हणजे बत्तीस बिटांत करते. तिथली हद्द २१४ कोटींच्या पुढे आहे. पोराने एल घातला आणि ४१ आले. व्हायव्हाच्या दिवशी त्याने तो एल मुद्दाम काढून, सेन्सर चहाच्या कपाजवळ धरून परीक्षकांना उणे ३१ दाखवले आणि मग का ते सांगितले. आता बाजारात बत्तीस बिटांचे बोर्ड स्वस्तात मिळतात. २०२३ साली आलेला यूनोचा नवा अवतारही बत्तीस बिटांचा आहे. त्यांच्यावर जुनाच प्रोग्राम बिनचूक चालतो, आणि म्हणून चूक आणखी खोल दडते. जुना बोर्ड जोडला की ती पुन्हा बाहेर येते.

नौबादचे पोर चुकले म्हणून हसणाऱ्यांनी ४ जून १९९६ चा दिवस आठवावा. त्या दिवशी युरोपचे एरियान ५ हे नवे रॉकेट पहिल्यांदा उडाले आणि सुमारे चाळीस सेकंदांत आकाशात फुटले. कारण हेच. एक मोठी दशांश संख्या सोळा बिटांच्या घरात कोंबायला गेले आणि ती बसली नाही. तो प्रोग्राम आधीच्या एरियान ४ वरून उचललेला होता. त्या रॉकेटच्या वेगात तो आकडा कधी एवढा मोठा होतच नव्हता. पावसाळ्यात चाललेला प्रोग्राम एप्रिलमध्ये वापरला, एवढेच तिथे झाले.

दुसरी चूक याहून साधी आणि याहून लबाड. यंत्रात तापमान शंभरपट करून ठेवले आहे असे समजा, २३०५. छापायचे आहे २३.०५. यूनोवर दशांश संख्या नेहमीच्या साच्यात घालून छापायला गेले की कित्येकदा आकड्याच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह उमटते, म्हणून मुले युक्ती करतात. शंभरने भागून २३ छापायचे, मग टिंब, मग उरलेली बाकी. बाकी उरते ५. खिडकीत येते २३.५.

पाहा, यंत्राने हिशेब कुठेच चुकवला नाही. भागाकार बरोबर, बाकी बरोबर. बोलताना एक शून्य खाल्ले. आपल्याकडे तेवीस रुपये पाच पैसे आणि तेवीस रुपये पन्नास पैसे यांतला फरक भाजीवालीसुद्धा चुकत नाही, कारण ती पैसे म्हणते, टिंब म्हणत नाही. टिंबानंतरच्या पाचाला स्वतःची जागा माहीत नसते. ती शून्य सांगते. मराठीत जुनी माणसे शून्याला ‘पूज्य’ म्हणत, कन्नडमध्ये ‘सोन्ने’. ते काही नसल्याचे चिन्ह खरे, पण राखणदार म्हणून ते तिथे उभे असते.

ही जागांची विद्या आपल्या मातीतली आहे हे किती घरांत मुलांना सांगितले जाते, मला शंका आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ लिहिला आणि त्यात एकं, दहं, शतं करत चोवीस स्थानांची नावे दिली. मळखेडच्या बसमधून जाताना सिमेंटच्या कारखान्याकडे बोट दाखवतो, तसे एकदा त्या किल्ल्याकडेही दाखवावे.

असो. २३.०५ चे २३.५ झाले तर काय बिघडले, असे कुणी म्हणेल. खोलीच्या तापमानात काही बिघडत नाही. पण दुधाचा भाव फॅटवर ठरतो. म्हशीच्या दुधाचे फॅट ६.०५ असताना कुणाच्या यंत्राने ६.५ छापले तर डेअरी बुडेल. उलट दुरुस्ती अर्धवट करून प्रत्येक बाकीपुढे शून्य चिकटवले तर ६.५० चे ६.०५० होतील आणि गवळी बुडेल. कर्नाटक सरकारच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींपर्यंत स्वयंचलित पर्जन्यमापक नेले आहेत. हवामानावर आधारलेल्या पीकविम्यात पावसाचा आकडाच बोलतो. अशा यंत्रांवर उद्या काम करणारी मुले आज आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर यूनो जोडून बसली आहेत. शून्य कुठे घालायचे ते त्यांना आज कळलेले बरे.

दुरुस्ती अशी. बाकी दहापेक्षा लहान असेल तेव्हाच तिच्याआधी एक शून्य छापायचे, एरवी नाही. घड्याळाच्या प्रोजेक्टमध्ये ९:५ दिसते तिथेही हेच औषध, मग ते ०९:०५ होते. आणि शून्याखालच्या संख्यांकडे वेगळे लक्ष द्यावे. उणे अर्धा म्हणजे शंभरपटीत उणे ५०. त्याला शंभरने भागले तर शून्य येते, शून्याला उणे चिन्ह लागत नाही, आणि बाकी येते उणे ५०. खिडकीत दिसते शून्य, टिंब, उणे, पन्नास. असला आकडा जगातल्या कुठल्याही भाषेत वाचता येणार नाही. चिन्ह आधी वेगळे छापावे, मग संख्येचे उणेपण काढून बाकीचे काम करावे.

याच्याच जोडीला एक फुकटची ऐट आहे, तिच्यावर माझा राग आहे. १०२४ भागांतला एक भाग सुमारे ४.८८ मिलीव्होल्टचा, म्हणजे एलएम ३५ च्या मापात जवळजवळ अर्धा अंश. या बोर्डाला अर्ध्या अंशाहून बारीक काही दिसतच नाही. तरी मुले ३२.२३ असे दोन दशांश छापतात, कारण प्रिंटची आज्ञा दशांश संख्या दिली की आपणहून दोन स्थळे छापते. परीक्षकही खूश होतात. छापलेले सगळे मोजलेले नसते.

आता आकडा आणि संख्या यांतला फरक. मराठीत आपण अंक वेगळा आणि संख्या वेगळी म्हणतो, फार चांगली सोय आहे ही. पाच ही संख्या एक, तिची रूपे अनेक. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरमध्ये ती एका रूपात, बसच्या पाटीवरच्या कन्नड अंकांत दुसऱ्या, मोबाइलवर तिसऱ्या. सिरीयलच्या तारेतून जाते ते रूप, आणि प्रत्येक रूपाला एक क्रमांक आहे. कीबोर्डवरचा ५ दाबला की बोर्डाला मिळतो ५३. मूल म्हणते मी पाच पाठवले, यंत्र ५३ का म्हणते? कारण इंग्रजी ० या अंकाचा क्रमांक ४८ आहे आणि पुढचे ओळीने. ५३ मधून ४८ वजा करा, पाच मिळतील. याची उलटी चूकही होते. संख्या पाठवायच्या दोन आज्ञा आहेत, ‘प्रिंट’ आणि ‘राइट’. ७८ ही संख्या प्रिंटने पाठवली तर ७ आणि ८ हे दोन अंक जातात. राइटने पाठवली तर ७८ क्रमांकाचे अक्षर जाते आणि खिडकीत इंग्रजी ‘एन’ उमटतो. आपले देवनागरी आणि कन्नड अंक या जुन्या इंग्रजी यादीत नाहीतच. ते युनिकोडमध्ये आहेत आणि तारेतून जाताना प्रत्येक अंकाला तीन-तीन बाइट लागतात. दोन्ही भाषांना सारखेच, त्यात वाद नको.

तारेवर अंक जातात ते मोठ्या स्थानाकडून लहान स्थानाकडे. ३६ मधला तीन आधी, सहा नंतर. कन्नडमध्ये बोलणेही तसेच आहे, ‘मूवत्तारु’, तीस आणि सहा. मराठीत ‘छत्तीस’ म्हटले की सहा आधी कानावर पडतो. एक भाऊ खिडकीतले आकडे वाचतो, दुसरा वहीत लिहितो, आणि वाचणारा मराठी शाळेतला, लिहिणारा कन्नड शाळेतला असेल तर ३६ चे ६३ झालेच म्हणून समजा. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा वाद विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो. आपल्या भागातल्या आयांना हे पुस्तकाशिवायच माहीत होते. बाकी एकोणऐंशीसारख्या शब्दावर माझा जीव आहे, तो मी सोडणार नाही. पण आकडे उतरवून घेताना ‘सात, नऊ’ असे सुटे अंक वाचावेत.

आता लूप. लूप म्हणजे फेरा, तेच काम पुन्हा पुन्हा करायला यंत्राला दिलेली आज्ञा. पहिली चूक मोजणीची. नौबादची करेझ, जिला आपण सुरंग बावी म्हणतो, ती बहमनी काळातली. जमिनीखाली बोगदा आणि त्याच्यावर ओळीने खोदलेल्या उभ्या विहिरी. समजा तुम्ही अशा दहा विहिरींच्या बाजूने चाललात, तर विहिरी दहा पण त्यांच्यातली अंतरे नऊ. यंत्र मोजायला शून्यापासून सुरुवात करते. ‘शून्यापासून दहापेक्षा लहान असेपर्यंत’ म्हटले तर दहा फेरे होतात. ‘दहा किंवा त्याहून लहान’ म्हटले तर अकरा. दहा वाचनांची सरासरी काढताना अकरा वाचने गोळा करून दहाने भागणारे प्रोजेक्ट मी इतके पाहिले आहेत की आता आधी तेच तपासतो. सरासरीतली आणखी एक खोड म्हणजे बेरजेचा डबा दर फेरीच्या सुरुवातीला रिकामा न करणे. मग पहिली सरासरी ३०, दुसरी ६०, तिसरी ९०. कालची शिल्लक आजच्या जमेत धरली की दुकानदार असाच श्रीमंत होतो.

लूपच्या ओळीनंतर एक अर्धविराम चुकून पडला तर यंत्र समजते की फेऱ्यात करायचे काम संपले. ते रिकामेच दहा फेरे मारते आणि खालचे काम एकदाच करते. दहा ओळी हव्यात तिथे एकच ओळ दिसते. मराठीच्या पेपरात अर्धविराम चुकला तर मी अर्धा गुणही कापत नाही. हे यंत्र सगळेच कापते.

आणि न संपणारा फेरा. ‘बाइट’ नावाच्या लहान घरात शून्य ते २५५ एवढेच मावतात. मोजणारा आकडा बाइटमध्ये ठेवून ‘२५५ किंवा त्याहून लहान असेपर्यंत फीर’ असे सांगितले, तर २५५ नंतर पुन्हा शून्य येते आणि घाण्याचा बैल फिरतच राहतो. खिडकीत आकडे धो धो वाहतात. पोराला वाटते बोर्ड जळाला. ३१ डिसेंबर २००८ ला मायक्रोसॉफ्टची झ्यून नावाची तीस जीबीची गाणी ऐकायची यंत्रे अशीच एकाच दिवशी गप्प झाली. लीप वर्षाचा ३६६ वा दिवस होता. घड्याळाच्या लूपमध्ये लिहिले होते, दिवस ३६५ हून जास्त असतील तोवर फीर, आणि लीप वर्षात ३६६ हून जास्त असतील तर ३६६ वजा कर. बरोबर ३६६ असतील तर काय, हे लिहायचे राहिले. वजाबाकी होईना, फेरा संपेना. दुसऱ्या दिवशी एक जानेवारी उजाडली, लोकांनी बॅटरी संपू देऊन यंत्र पुन्हा सुरू केले आणि गाणी वाजू लागली.

शेवटची चूक लूपची आणि आकड्याची, दोन्हींची मिळून. शून्यापासून एक दशांश, एक दशांश मिळवत जा आणि बरोबर एक झाला की थांब. सांगायला किती सोपे! यूनो थांबत नाही. छापून पाहिले तर दोन दशांशांत १.०० दिसते, आणि तरी फेरा पुढे चालूच. कारण यंत्राचा हिशेब अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग असा निम्मे-निम्मे करत जातो. आपल्याला तिसरा हिस्सा दशांशात लिहिता येत नाही, ०.३३३ करत बसावे लागते, तसे यंत्राला दहावा भाग नेमका लिहिता येत नाही. दहा वेळा मिळवल्यावर एकाच्या किंचित पुढे जाते, एक कधी होतच नाही.

यातली गंमत आपल्या आजी-आजोबांना चटकन कळेल. त्यांच्या रुपयाचे आणे सोळा. निजामाच्या राज्यात चालणाऱ्या हाली सिक्क्याचेही सोळाच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे पाढे त्यांनी पाठ केले ते याच हिशेबासाठी. हे सगळे भाग यंत्राला तंतोतंत लिहिता येतात. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग, जराही चूक नाही. (पई मात्र नाही, एका आण्याच्या बारा पया, तिथे तीनाचा भाग येतो.) १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले, माणसांची सोय झाली. यंत्राच्या आतला रुपया अजून सोळा आण्यांचाच आहे.

२५ फेब्रुवारी १९९१ ला आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दाहरान येथे पॅट्रियट नावाची क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा अशा एक दशांशापायी चुकली. तिचे घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजत होते. शंभर तास सलग चालल्यावर दर दहाव्या भागातली ती कणभर तूट साठून सेकंदाच्या एक तृतीयांशाएवढी झाली. येणारे क्षेपणास्त्र तिने चुकीच्या जागी शोधले. अठ्ठावीस सैनिक मेले.

घरच्या प्रोजेक्टसाठी उपाय एवढाच की फेरे पूर्ण संख्येत मोजावेत, शून्य ते दहा, आणि दहाने भागायचे ते फक्त छापताना. पैशांचा हिशेब असेल तर रुपये न ठेवता सगळे पैशांत ठेवावे. आणि प्रोग्राम तपासताना सोयीचे आकडे देऊ नयेत. शून्य द्यावे, उणे एक द्यावा, ९ आणि १०, ९९ आणि १००, २५५ आणि २५६, ३२,७६७ आणि त्याच्या पुढचा. दर ठिकाणी कच्चा आकडा, मधली पायरी आणि छापलेले उत्तर शेजारी शेजारी पाहावे. खिडकीत नुसती चौकटी-चौकटींची कचराअक्षरे दिसत असतील तर यातले काहीच करू नये. आधी बोर्डाचा आणि खिडकीचा वेग एकच, बहुतेक वेळा ९६००, ठेवला आहे ना ते बघावे. नवीन सेन्सर आणायला बाजारात त्यानंतर जावे.